आयसीयूत लेकराला टोचाटोची होणार असेल तेव्हा : आई-वडिलांसाठी पायरी-पायरीने

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला कंपनीतल्या एका पोराचा फोन आला. त्याच्या दीड वर्षाच्या मुलीला आयसीयूत घेतलं होतं. दाराबाहेर उभा राहून तो कुजबुजत होता, "दादा, आतून तिचा आवाज येतोय आणि मला आत सोडत नाहीत. काय करू?" फोनवर सुचलं तेवढं सांगितलं. असे फोन मला याआधीही आलेत, म्हणून आता सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

मी डॉक्टर नाही. अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतो. माझा मुलगा चार वर्षांचा असताना न्यूमोनिया झाला, छातीत पू साठला, आणि नाशिकमधल्या एका हॉस्पिटलच्या मुलांच्या आयसीयूत आम्ही सोळा दिवस काढले. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. काही गोष्टी तिथे चुकल्या आणि माझं पोरगंही तिथेच वाचलं.

आजाराचं दुखणं वेगळं आणि उपचाराचं दुखणं वेगळं. आजाराबद्दल सगळे बोलतात. सलाईनची सुई, मनगटातून रक्त काढणं, नाकातली नळी, घशातलं सक्शन (नळीने कफ ओढून काढणं), लघवीची नळी, ड्रेसिंग, चिकटपट्टी ओढणं, याबद्दल कुणी बोलत नाही, कारण यातली प्रत्येक गोष्ट "दोन मिनिटांची" असते. पण ती दोन मिनिटं दिवसातून दहा-बारा वेळा येतात. पहिल्या दोन दिवसांत माझ्या वहीत चौदा टोचण्या आहेत. वही का ठेवली, ते पुढे सांगतो.

तिथल्या एका तरुण डॉक्टरने सांगितलेली गोष्ट डोक्यातून जात नाही. १९८०च्या दशकापर्यंत तान्ह्या बाळांना वेदना फारशा कळत नाहीत, असं जगभरातले बरेच डॉक्टर मानत होते. बाळांची ऑपरेशनंसुद्धा पुरेशा वेदनाशामकाशिवाय होत. कन्वलजीत आनंद नावाच्या भारतीय वंशाच्या डॉक्टरने ऑक्सफर्डमध्ये कमी दिवसांच्या बाळांवर अभ्यास केला. ऑपरेशनच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी होता आणि नंतरची गुंतागुंतही कमी होती. हे छापून आलं १९८७ मध्ये. म्हणजे माझ्या जन्माच्या जेमतेम दोन वर्षं आधी. "लहान आहे, विसरून जाईल" असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं.

पायरी १ : पिशवी आणि कागद

घाईत निघाला असाल तर घरच्या कुणाला तरी परत पाठवा, पण पहिल्या दिवशीच एवढं जवळ हवं :

– मुलाचं वजन, किलोत, शक्यतो त्याच आठवड्यातलं. लहान मुलांचं प्रत्येक औषध वजनावर ठरतं. भूल आणि वेदनाशामकही. वजन अंदाजे सांगू नका, तिथे काट्यावर करायला सांगा.
– आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रिपोर्ट, लसीकरणाचं कार्ड.
– कोणत्या औषधाची ॲलर्जी, आधी कधी भूल दिली होती का, घोरणं, दमा, फिट, हलणारा दात. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि फाईलला लावा.
– घरून निघताना काय औषध दिलं आणि किती वाजता. तापाचं सिरप दिलं असेल तर नक्की सांगा. त्यात पॅरासिटामॉल असतं, आणि आत पुन्हा तेच सलाईनमधून दिलं गेलं तर डोस दुप्पट होतो. लिव्हरवर येतं.
– आधार, रेशन कार्ड, मुलाचा जन्मदाखला. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं. पहिल्याच दिवशी तिथे जा. योजनेचा फोन १५५३८८.
– एक वही, दोरी बांधलेला पेन.
– मुलाच्या ओळखीची एक वस्तू. आम्ही आजीच्या जुन्या लुगड्याची छोटी गोधडी नेली होती. आत नेण्याआधी धुऊन, उन्हात वाळवून, सिस्टरना विचारून.
– मोबाईलमध्ये आधीच उतरवून ठेवलेली चार गाणी आणि दोन कार्टून. आत रेंज नसते.

घरचं वेदनाशामक मात्र नेऊ नका. आमच्या शेजारच्या बेडवरच्या मुलाचे काका निफाडहून "दुखण्याची गोळी" खिशात घेऊन आले होते. मुलाला डेंग्यू होता. डेंग्यूत आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन दिलं तर रक्तस्राव वाढू शकतो. सिस्टरने ती पट्टी काकांच्या हातातून काढून घेतली, तेव्हा काकांना राग आला होता.

पायरी २ : मुलाची ओळख करून द्या

डॉक्टरांना आजार माहीत असतो, मूल माहीत नसतं. सकाळच्या राउंडला किंवा शिफ्ट बदलल्यावर नव्या सिस्टरना अर्ध्या मिनिटात सांगा : हाक कोणत्या नावाने मारायची, कोणता हात जास्त चालतो, कशाला घाबरतो, दुखलं की काय म्हणतो. डावखुऱ्या मुलाच्या डाव्या हातात सुई गेली की चित्रही काढता येत नाही आणि चमचाही धरता येत नाही.

शब्दाचं तर विशेष. आमचा मुलगा "बाऊ" म्हणतो. पण आयसीयूत सटाणा, कळवण, सुरगाणा, पेठ सगळीकडची मुलं असतात. समोरच्या बेडवरची सात वर्षांची मुलगी रात्रभर "माले दुखस, माले दुखस" म्हणत होती. नव्या सिस्टर दक्षिणेकडच्या होत्या, त्यांना मराठीच नुकतं जमायला लागलेलं, अहिराणी कुठून कळणार? त्यांना वाटलं ती कुणाला तरी हाका मारतेय. तुमचं मूल कोकणी, भिली, अहिराणी, उर्दू जे बोलत असेल त्यातले दुखणं, पाणी, शू, आई हे चार शब्द मराठीत आणि हिंदीत लिहून बेडला चिकटवा. आम्ही तिच्या वडिलांना तो कागद करून दिला.

पायरी ३ : प्रत्येक टोचणीआधी तीन प्रश्न

हीच या लेखातली सगळ्यात कामाची पायरी. मला ती सहाव्या दिवशी समजली. तोवर कुणी ट्रे घेऊन आलं की मी आपोआप मागे सरकायचो.

काय करणार आहात, आणि किती वेळ लागेल?
दुखू नये म्हणून आधी काय देणार, आणि ते कधी?
मी जवळ थांबू का?

एवढंच, आणि हळू आवाजात. जीव वाचवायची धावपळ चालू असेल, बेडभोवती पाच जण गोळा झाले असतील, तर विचारू नका. बाजूला व्हा. पण दिवसभरातल्या बहुतेक टोचण्या ठरलेल्या वेळच्या असतात, आणि तिथे या प्रश्नांना जागा असते.

यातून आणखी दोन गोष्टी निघतात. एक, "सकाळचं आणि दुपारचं रक्त एकाच वेळी काढता येईल का?" पुष्कळदा येतं. वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या तपासण्या लिहिलेल्या असतात आणि कुणी तरी विचारेपर्यंत त्या एकत्र होत नाहीत. सारखंच रक्त लागणार असेल तर धमनीत काही दिवस तशीच राहणारी लाईन, म्हणजे बारीक नळी, टाकता येते का, हेही विचारा. त्याचे स्वतःचे धोके असतात, निर्णय डॉक्टरांचा, पण विचारायला हरकत नाही.

दुसरी, नस सापडत नाही तेव्हाची. अंगावर सूज असलेल्या, पाणी कमी झालेल्या मुलाची नस खरंच सापडत नाही, त्यात सिस्टरची चूक नसते. पण एकाच हाताने पाचव्यांदा प्रयत्न होऊ नये. दोनदा जमलं नाही तर सीनिअरना बोलवायचं, असा बऱ्याच ठिकाणी दंडक असतो. मी असं म्हणायचो, "सिस्टर, तुम्ही दमलात, जरा थांबू या, कुणाला बोलवता का?" यात कुणाचा अपमान होत नाही. माझ्या बायकोने पहिल्या दिवशी "तुम्हाला येत नाही का?" म्हटलं होतं. त्यानंतर दोन दिवस आमच्याशी कुणी नीट बोललं नाही.

पायरी ४ : औषधाला वेळ द्या

औषध दिलं जातं, पण काम सुरू व्हायच्या आधीच सुई टोचली जाते, हा प्रकार सगळीकडे होतो. म्हणून या वेळा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

बधिर करायचं मलम, म्हणजे लिग्नोकेन आणि प्रिलोकेनचं क्रीम, जाडसर थर देऊन वरून पारदर्शक पट्टी लावतात. त्याला साधारण एक तास लागतो. दहा मिनिटांत पुसून सुई घातली तर मलम लावून काही उपयोग नाही. त्वचा पांढुरकी पडते, घाबरू नका. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल किंवा काही ठरावीक औषधं चालू असतील तर या मलमाने रक्तातला ऑक्सिजन वाहून नेण्यात अडथळा येऊ शकतो. त्यामुळे स्वतः आणून लावू नका, डॉक्टरांनी सांगितलं तरच आणि सांगितलं तेवढंच.

तोंडातून दिलेल्या पॅरासिटामॉलला अर्धा ते एक तास. शिरेतून दिलेलं फेंटानिल दोन-तीन मिनिटांत काम करतं, पण अर्ध्या-एक तासात उतरतं. म्हणजे ड्रेसिंगसाठी फेंटानिल देऊन सर्जनची वाट बघत तास गेला, तर सर्जन येईपर्यंत ते संपलेलं असतं. आमच्याकडे हे झालं. तेव्हापासून मी "सर निघालेत का?" हे आधी विचारायचो.

अगदी तान्ह्या बाळांना टोचायच्या दोन मिनिटं आधी जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब देतात, २४ टक्क्यांच्या आसपासचं. सोबत चोखायला काही दिलं की आणखी बरं. दूध चालू असेल तर आईने अंगावर घेऊन पाजत असताना टोचणं हा उत्तम उपाय. लसीच्या वेळी असंच करा असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये सांगितलंय. पण इथे आज्यांना एक विनंती आहे. साखरेचं पाणी चालतं म्हणून बोटाला मध लावून चाटवू नका. एक वर्षाच्या आत मध नकोच, त्यातून बोट्युलिझम नावाचा विषबाधेचा आजार होऊ शकतो. आणि "तोंडाने काही देऊ नका" अशी पाटी असेल तर साखरेचं पाणीसुद्धा सिस्टरच्या हातूनच.

पायरी ५ : तुमचे हात कुठे असावेत

माझं स्वतःचं मत असं झालंय की लेकराच्या किंचाळण्यातलं अर्धं सुईसाठी असतं आणि अर्धं त्याला आडवं पाडून चार जणांनी दाबून धरलेलं असतं त्यासाठी. हात-पाय दाबून धरले की कुणीही किंचाळेल. मोठ्या माणसालाही तसं धरून बघा.

म्हणून जमेल तिथे मुलाला मांडीवर घ्या. छातीला छाती लावून, त्याचे पाय तुमच्या कमरेभोवती, एक हात तुमच्या काखेतून मागे, आणि ज्या हातात सुई घालायची तो बाजूच्या टेबलावर मोकळा. तुमची मिठी हीच पकड. सिस्टरना हात स्थिर मिळतो, मुलाला आईचा गळा मिळतो. नळ्या, वायरी असल्यामुळे मांडीवर घेता येत नसेल तर डोक्याशी बसा. एक हात कपाळावर, दुसरा छातीवर, आणि तोंड त्याच्या कानापाशी. हात हलवत थोपटत बसू नका. स्थिर, थोडा वजनदार हात जास्त बरा वाटतो. अगदी लहान बाळाचे हातपाय आत घेऊन दोन्ही तळव्यांत गोळा करून धरा, पोटात असतं तसं.

वयाप्रमाणे लक्ष दुसरीकडे वळवायचं. वर्ष-दोन वर्षांच्याला गाणं, चाव्यांचा जुडगा, आरशात तोंड. तीन-चार वर्षांच्याला फुंकर. "बाऊवर फुंकर मार" हे प्रत्येक मराठी घरात शिकवलेलं असतंच, तेच वापरा : "मेणबत्ती विझव, मोठ्ठी फुंकर." फुंकर मारताना श्वास लांब सुटतो आणि अंग सैल पडतं. साबणाचे फुगे उत्तम, पण आयसीयूत विचारून. पाचच्या पुढच्याला निवड द्या, पण खरी निवड : "कोणत्या हाताला? उजव्या की डाव्या?" "टोचून घेतोस का?" हे विचारू नका, कारण तो नाही म्हणाला तर तुमच्याकडे उत्तर नसतं. दहाच्या पुढची मुलं शांत दिसतात आणि आतून सगळ्यात जास्त घाबरलेली असतात. त्यांना नीट सगळं सांगा, कानात इयरफोन द्या, आणि "हात वर केलास की दहा सेकंद थांबू" असा करार डॉक्टरांकडून करून घ्या. करार केला तर पाळायला हवा.

आणि तुम्हाला स्वतःला रक्त बघून चक्कर येत असेल तर आत जाऊ नका. मी एकदा खाली बसलो होतो, सगळे मुलाला सोडून माझ्याकडे धावले. त्या दिवसापासून रक्त काढताना बायको आत आणि ड्रेसिंगला मी, अशी वाटणी केली.

पायरी ६ : काय बोलायचं, काय नाही

"अजिबात दुखणार नाही" हे बोलू नका. एकदा खोटं ठरलं की पुढचे पंधरा दिवस तुमचं काही खरं मानणार नाही तो. "थोडं टोचेल, मुंगी चावते तसं, मग मी दहापर्यंत मोजेन" हे बोला.

"रडू नको, नाहीतर डॉक्टर मोठी सुई देतील." आपण सगळे हे घरी बोलत आलोय, जेवण संपवायला, झोपवायला. आयसीयूत त्याची किंमत कळते. सुई म्हणजे शिक्षा असं मुलाच्या डोक्यात बसलेलं असतं, आणि त्याला वाटतं आपण काही तरी केलं म्हणून हे चाललंय. माझ्या मुलाने एकदा विचारलं होतं, "बाबा, मी भाजी खाल्ली नाही म्हणून का?"

"काही नाही, काही नाही, झालं झालं" हेही सतत म्हणू नका. झालेलं नसतं, आणि तुमच्या आवाजातली घाई त्याला कळते. गोष्ट सांगा, मोजा, गाणं म्हणा. आणि रडू द्या. रडणारं मूल शहाणं नसतं असं काही नाही. "मुलगा असून रडतो?" म्हणणाऱ्या नातेवाइकांना कॅन्टीनला पाठवा.

पायरी ७ : दुखतंय हे ओळखायचं कसं

तिसऱ्या दिवशी मुलाला व्हेंटिलेटर लावला. संध्याकाळच्या भेटीच्या वेळी आत गेलो तेव्हा सिस्टर नळीतून सक्शन करत होत्या. मुलाच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाण्याची धार कानाकडे ओघळत होती. कपाळावर बारीक आठ्या, ओठ नळीभोवती ताणलेले, डाव्या पायाची बोटं आवळलेली. आवाज काहीच नाही. फक्त मशीनचा. मी विचारलं, "डोळ्यात ड्रॉप टाकलेत का?" सिस्टर म्हणाल्या, "बाबा, रडतोय तो."

नळी स्वरयंत्रातून खाली जाते, म्हणून आवाज फुटत नाही. व्हेंटिलेटरवरचं मूल रडतं ते असं. तेव्हा आवाजाची वाट बघू नका. आठ्या, मुठी, पायाची बोटं, मॉनिटरवर अचानक वाढलेले ठोके, नळीशी झगडणारा श्वास, हे बघा. व्हेंटिलेटरवरच्या मुलांसाठी सिस्टर "कम्फर्ट" नावाची वेगळी मोजपट्टी वापरतात.

बोलता न येणाऱ्या लहान मुलांसाठी "फ्लॅक" नावाची मोजपट्टी आहे, दोन महिने ते सात वर्षं वयासाठी. ती आई-बापालाही जमते. पाच गोष्टी बघायच्या : चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं, आणि समजूत निघते का. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन. बेरीज दहापैकी. शून्य म्हणजे आराम, तीनपर्यंत थोडं, चार ते सहा मध्यम, सात आणि त्यापुढे खूप. आमच्या कंपनीत प्रत्येक जॉबचं, म्हणजे मशीनवर केलेल्या भागाचं, माप लॉगबुकात लिहायची सवय, म्हणून मी वहीत रकाने पाडले : वेळ, काय केलं, आधी काय दिलं, आकडा, अर्ध्या तासाने आकडा. "साहेब, त्याला खूप दुखतंय" म्हटलं की डॉक्टर "हो हो" म्हणतात. "कालच्या ड्रेसिंगला आठ होता, अर्ध्या तासानेही सहा" म्हटलं की ते थांबतात आणि फाईल उघडतात. तीन वर्षांपुढच्या मुलाला हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता दाखवून विचारता येतं.

आता मोठा सापळा. झोपलेलं मूल म्हणजे न दुखणारं मूल नव्हे. मिडाझोलॅमसारखं औषध गुंगी आणतं, आठवण पुसतं, पण दुखणं थांबवत नाही. व्हेंटिलेटरवर कधी कधी स्नायू सैल करायचं औषध देतात, त्याने तर मूल हलूही शकत नाही, पण त्या औषधात ना भूल असते ना वेदनाशामक. म्हणून विचारायचा प्रश्न : "हे झोपेचं आहे की दुखण्याचं? दुखण्याचं वेगळं चालू आहे ना?" मी हा प्रश्न विचारला तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टरांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. चालू होतं. पण ते औषध सोडणाऱ्या पंपातली सिरिंज संपत आली होती, ती त्यांनी लगेच बदलून घेतली.

पायरी ८ : मोठ्या प्रक्रिया

छातीत नळी घालणं, पाठीतलं पाणी काढणं, मानेतली किंवा जांघेतली मोठी लाईन. यांना संमतीपत्रावर सही लागते. सही करण्याआधी कागद वाचा आणि पायरी ३चे तीन प्रश्न पुन्हा विचारा. महाराष्ट्रात २०२१च्या नियमांप्रमाणे खासगी हॉस्पिटलला रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. समजून घेऊन संमती देणं हा त्यातला हक्क आहे, म्हणजे प्रश्न विचारणं हा आगाऊपणा नाही.

या प्रक्रियांना जागा बधिर करायचं इंजेक्शन तर लागतंच, शिवाय बहुधा गुंगीही देतात. आमच्याकडे केटामिन दिलं. त्याबद्दल आधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहितो : केटामिन दिलेल्या मुलाचे डोळे उघडे राहू शकतात, बुबुळं हलतात, लाळ गळते. बघणाऱ्याला वाटतं मूल जागं आहे, भूल लागली नाही. तसं नसतं. जागं होताना काही मुलं बरळतात, घाबरतात, तेव्हा खोलीत गडबड नको, ओळखीचा आवाज हवा.

उपाशी ठेवण्याचे तास कडक पाळा : साधं पाणी दोन तास, आईचं दूध चार, बाकी दूध-जेवण सहा. तातडीच्या वेळी डॉक्टर वेगळं ठरवतील. छातीतली नळी काढायच्या दिवशी आमच्या आईने "पोर सकाळपासून उपाशी आहे" म्हणून पदराखालून अर्धं बिस्किट भरवलं. डॉक्टर हातमोजे घालून तयार, आणि पोराच्या ओठावर भुगा. गुंगीत उलटी होऊन फुप्फुसात गेली असती तर? प्रक्रिया दुपारवर गेली. आई कॅन्टीनच्या पायरीवर बसून रडली. तिला आधी कुणी कारण सांगितलं नव्हतं, मीही नाही. घरातल्या प्रत्येकाला कारणासकट सांगा.

नळी घालण्यापेक्षा काढताना जास्त दुखू शकतं, आणि तेव्हा "आता काय, काढायचीच तर आहे" म्हणून औषध विसरलं जातं. आठवण करा.

पायरी ९ : चिकटपट्टी

ही कुणी मोजत नाही. आमच्या मुलाला सुईपेक्षा पट्टीची भीती जास्त होती. कोमट पाण्याने किंवा सलाईनने भिजवून, कडेपासून, कातडीला समांतर, हळूहळू, दुसऱ्या बोटाने कातडी दाबून धरत काढायची. "झटकन ओढू, एकदाच दुखेल" हे आजारी, सुजलेल्या कातडीवर करू नये, साल निघते. वेळ असेल तर सिस्टर मुलालाच कोपरा धरू देतात.

पायरी १० : ऐकलं जात नसेल तर

रात्री दोनला भांडू नका. रात्रीच्या शिफ्टला एका सिस्टरकडे किती मुलं असतात ते एकदा मोजा. आधी बेडच्या सिस्टर, मग ड्युटी डॉक्टर, मग सिस्टर इन्चार्ज, मग सकाळी मुख्य डॉक्टर. हातात वही. मागणी एक आणि नेमकी : "उद्याच्या ड्रेसिंगआधी वेदनाशामक फाईलमध्ये लिहून द्याल का?" तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलताना हरवतं, फाईलमध्ये लिहिलेलं राहतं. भेटीची वेळ तासाभराचीच असेल तर ड्रेसिंग त्या तासात घेता येईल का, हे विचारा. आम्हाला पहिल्यांदा नाही म्हणाले, आठव्या दिवशी हो म्हणाले.

आणखी एक भीती नातेवाईक घालतात : "एवढी औषधं दिली तर पोरगं व्यसनी होईल." दुखण्यावर मोजून दिलेल्या औषधाने मूल व्यसनी होत नाही. शरीराला सवय मात्र होते. पाचेक दिवसांहून जास्त चालली असतील तर ती एकदम बंद न करता हळूहळू कमी करतात. कमी करताना घाम, थरथर, सारख्या जांभया-शिंका, जुलाब, न थांबणारी चिडचिड दिसली तर लगेच सांगा. आम्हाला वाटलं पोरगं हट्टी झालंय.

पायरी ११ : घरी आल्यावर

पहिले काही आठवडे झोपेत दचकणं, अंथरुणात शू, पांढरा कोट दिसला की किंचाळणं, हे होतं. आमचा मुलगा टेडीला सलाईन लावायचा. आधी टेडीला विचारायचा, "कोणता हात?" हे खेळू द्या, थांबवू नका. महिन्या-दीड महिन्यात कमी झालं नाही, खाणं-झोप बिघडली, तर मुलांच्या डॉक्टरांना सांगा. ते मुलांच्या समुपदेशकाकडे पाठवतात.

फेरतपासणीला रक्त द्यावंच लागतं. डॉक्टरांनी मलम लिहून दिलंय आणि कुठे, किती लावायचं ते पेनाने हातावर गोल काढून दाखवलंय. ते आम्ही घरूनच लावून निघतो. तासभर लागतो म्हटलं होतं ना, तो नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये निघून जातो. मागच्या वेळी नेमका रस्ता मोकळा मिळाला, वीस मिनिटांत पोहोचलो. लॅबवाल्या ताई सुई घेऊन आल्या तर पोराने हात मागे घेतला आणि त्यांना सांगितलं, "अजून चाळीस मिनिटं." आम्ही खाली जाऊन उसाचा रस पिऊन आलो.